हितनं फुडं माझं

परवा आमच्या कुपवाडच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो आला. डब्यात शेवटचा एकच तुकडा उरला होता. लगेच खाली स्टिकर पडला. डोक्यावरून पदर घेतलेली, डोळे वटारलेली एक बाई आणि तिच्याखाली ठसठशीत अक्षरं : ‘हितनं फुडं माझं!’ बऱ्याच जणांनी हसणारे चेहरे टाकले. स्टोअरला नव्याने लागलेल्या एका मुलीने जेवणाच्या सुट्टीत मला विचारलं, की सर, हे कुठल्या सीरिजमधलं आहे, मी पाहिलीच नाही. मी म्हटलं, नाही पाहिलीत तेच बरं. तिला वाटलं मी जुन्या वळणाचा माणूस, मला असलं काही आवडत नसणार.

स्टिकरमधली बाई मुंबईची नटी आहे. गुणी आहे म्हणतात. पण ते वाक्य तिचं नाही. ते ज्या बाईचं आहे, ती सांगलीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहत होती. तिचं नाव इंदुमती. सगळी गल्ली तिला इंदूकाकी म्हणायची.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीसाठी सांगलीत आलो आणि नदीपासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत भाड्याने घर घेतलं. सामान उतरवत होतो तेव्हा शेजारच्या दारातून एक उंच, हाडापेराने मजबूत बाई चहाची किटली घेऊन आली. कुठले, काय, विचारून झाल्यावर तिने माझ्या बायकोला, मनीषाला, पहिला खराखुरा प्रश्न विचारला तो असा : “तुमाला शिनेमे आवडत्यात का?” आवडतात म्हटल्यावर तिने किटली खाली ठेवली आणि उंबऱ्यावरच बसली. त्या दिवशी आमचं सामान दुपारपर्यंत रस्त्यावर होतं.

मला ती कायम ‘सातारकर’ म्हणायची. नावाने हाक मारलेली आठवत नाही.

तिचा नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आपल्याकडे फौजेतून आलेल्या कुठल्याही माणसाला मेजर म्हणतात, तसं त्यांनाही म्हणायचे. ते कुपवाडलाच एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक होते. मुलगा अमर. हुशार, हसरा, लाघवी पोरगा. आम्ही आलो तेव्हा कॉलेजात होता. पुढे पुण्याला गेला, तिथून मुंबईला.

काकीचं सासर पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात. लग्न झालं तेव्हा मेजर सरहद्दीवर, आणि ही सासू-सासरे, दोन जावा आणि एक नणंद यांच्यात. वर्षातून दोन-चार वेळा बाजाराच्या निमित्ताने घरच्या बायकांना पाटणला जायला मिळायचं. बाजार आटोपून त्या तीनच्या खेळाला थेटरात शिरायच्या. सासऱ्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांची अट एकच होती : शेवटच्या एसटीने घरी. आणि ती एसटी सिनेमा संपायच्या आधी सुटायची. नायक-नायिकेची ताटातूट झालेली, सासूने सुनेला घराबाहेर काढलेलं, आणि नेमकं तिथे या चौघींना उठून स्टँडकडे पळावं लागायचं.

एकदा नणंद एसटीत रडायला लागली. पडद्यावर सोडून आलेल्या त्या बाईचं पुढे काय झालं असेल, याच काळजीने. तेव्हा काकीने तिला पोटाशी घेतलं आणि म्हणाली, “गप. हितनं फुडं माझं आयका.” घाट चढेपर्यंत तिने सिनेमा पुरा केला. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच होत गेलं. जावा तर म्हणे सिनेमापेक्षा एसटीचीच वाट बघायच्या.

पुढे मेजर घरी आले, बिऱ्हाड सांगलीला आलं, घरात टीव्ही आला, आणि ते सगळे अर्धे राहिलेले सिनेमे काकीने एकेक करून शेवटपर्यंत पाहिले. त्याबद्दल बोलताना तिचा चेहरा पडायचा. एवढी माणसं, एवढा पैसा, एवढे कपडे, आणि शेवट असा? सगळी जणं एका ओळीत उभी राहून फोटो काढल्यासारखी हसतात, नाहीतर कुणीतरी मरतं. “मारायला काय लागतंय,” ती म्हणायची, “जगवून दावा की.”

मला स्वतःला रडके सिनेमे आवडतात. आवडतात म्हणजे, माणूस एकटा उरतो तिथे थांबणारे. काकीला ते अजिबात मान्य नव्हतं आणि त्यावरून आमचं गच्चीवर तासन्‌तास वाजायचं. तिच्या कसोट्या तिच्याच होत्या. पुरस्कार मिळालेला एक सिनेमा मी मोठ्या कौतुकाने तिला दाखवला. खेड्यातल्या एका सोशिक सुनेची कथा होती. काकीने तो मन लावून पाहिला. मग म्हणाली, “चांगला हाय. पर सबंध शिनेमात त्या बाईला कुणी जेव म्हणालं न्हाई. शिनेमा काढणाऱ्यालाबी आठवलं न्हाई.” त्यानंतर मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. बाई पाणी भरते, मार खाते, गाणं म्हणते, बाळंत होते. जेवत नाही. तेव्हापासून कुठलाही सिनेमा पाहताना माझं लक्ष तिकडेच जातं.

गाण्यांच्या बाबतीतही तसंच. तिचा सगळा जीव दुसऱ्या कडव्यावर. धृपद म्हणजे दारावरची तोरणं, ती म्हणायची. घरात काय आहे ते दुसऱ्या कडव्यात कळतं. त्यामुळे मोबाइलवर गाण्याचे तुकडे वाजायला लागले तेव्हा ती खरोखर दुखावली. समोरच्या घरातली मुलगी तेवढ्याशा तुकड्यावर नाचून दाखवायची. काकी कौतुक करायची आणि मग हळूच विचारायची, “आन् ह्याच्या फुडं काय म्हणतीय गं ती?” मुलीला माहीत नसायचं. गाण्याला पुढे काही असतं हेच माहीत नसायचं.

मनीषा वाचनालयातून कादंबऱ्या आणायची. त्यातल्या निम्म्या काकी वाचायची, आणि शेवटचं प्रकरण न वाचता परत करायची. मल्टिप्लेक्सला नेलं तर शेवट जवळ आला की उठून बाहेर जाऊन बसायची. आम्ही बाहेर आलो की आधी तिचा शेवट ऐकायचा, मग आम्ही पाहिलेला सांगायचा. रिक्षात आम्ही तिघं आणि मान मागे वळवलेला रिक्षावाला. दहातल्या आठ वेळा तिचाच चांगला असायचा. मी हे आज ती नाही म्हणून गोड बोलत नाही. ती आहे, मुंबईत आहे. आणि तेव्हाही मी तिला हे तोंडावर सांगत होतो.

मग तो मोठा पूर आला. आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. आम्हाला होडीतून काढलं आणि उंचावरच्या एका शाळेत नेऊन ठेवलं. वर्गावर्गांत माणसं. बाक ढकलून कडेला लावलेले, ओले कपडे खिडक्यांवर, पोरं किरकिरतायत, म्हातारी माणसं भिंतीकडे तोंड करून पडलेली. अमर पुण्याहून कसाबसा येऊन पोहोचला होता आणि धावपळ करत होता. खाण्याची पाकिटं यायची, ती घ्यायला रांग लागायची. ज्यांनी आयुष्यात कधी कुणापुढे हात पसरला नाही अशा बायका पदराने तोंड झाकून त्या रांगेत उभ्या राहायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकीने आपल्या वर्गात एक सिनेमा सांगायला घेतला. आधी चार-पाच पोरं होती. मग बायका आल्या. मग दारात, व्हरांड्यात पुरुष उभे राहिले. गोष्ट तिच्या पाटणच्या दिवसांतली होती. फौजीची बायको. नवरा बेपत्ता. एक दिवस तो गेल्याची तार येते. घर रडतं, सासू हिलाच पांढऱ्या पायाची ठरवते, हिला कुणी घरात घेत नाही, अन्नाला शिवू देत नाही. खऱ्या सिनेमात ती बाई पायरीवर वाट बघत मरते आणि तार खोटी निघते. काकी त्या पायरीपर्यंत आली, थांबली, आणि नेहमीचं वाक्य म्हणाली.

मग तिची बाई पायरीवरून उठली. आत गेली. कुणाला काही बोलली नाही. चूल पेटवली, पिठलं केलं, दोन भाकऱ्या थापल्या. सगळं घर बघत होतं. तिने आपल्यापुरतं ताट वाढून घेतलं आणि मधल्या घरात, सगळ्यांच्या समोर, पाटावर बसून पोटभर जेवली. ताट धुऊन पालथं घातलं. आणि मग दार उघडून बाहेर गेली.

“कुटं गेली?” एका बाईने विचारलं.

“तिचं तिला म्हायती,” काकी म्हणाली. “जेवल्याली बाई कुटंबी जाती.”

एक म्हातारी डोळे पुसत होती. त्या संध्याकाळी पाकिटांच्या रांगेत कुणी तोंड झाकलं नव्हतं, असं मनीषा म्हणते. मला तेवढं आठवत नाही. मला आठवतो तो अमर. वर्गाच्या दारात उभा राहून, मोबाइल दोन्ही हातांनी धरून, त्याने ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

पूर ओसरला. नंतर महामारी आली, गेली. अमर मुंबईत वेब सीरिज लिहायला लागल्याचं कळलं. एक दिवस मेजर पेढे घेऊन आले : पोराची स्वतःची सीरिज येतेय, आपल्या भागातली गोष्ट आहे, पुराची. आमचा टीव्ही मोठा म्हणून सगळी गल्ली आमच्याकडे जमली. काकीने इस्त्रीची साडी नेसली होती. तिला पुढे खुर्ची दिली.

पहिल्याच भागात ती आली. ‘फिल्मी काकू’ म्हणून एक पात्र. दिसेल त्याला सिनेमाच्या गोष्टी सांगणारी, सगळ्या चुकीच्या सांगणारी, अडाणी, बडबडी बाई. तिला पाहून लोक वाटा बदलतात. ती बोलायला लागली की मागे पिपाणीसारखं संगीत वाजतं. ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘हितनं फुडं माझं’. आमच्याकडची पोरं आधी खदाखदा हसली. काकीही हसली, दुसऱ्या कुणाला हसावं तशी. मग हळूहळू खोलीतल्या बायकांनी टीव्हीकडे बघणं सोडलं आणि त्या काकीकडे चोरून बघायला लागल्या. तेव्हा तिला कळलं. पुराच्या शाळेतला प्रसंग आला. फिल्मी काकू गोष्ट सांगतेय, आणि तिच्या मागे लोक तिच्याच वाटणीची पाकिटं पळवतायत. मेजर मांडीवर थाप मारून हसत होते. पोराचं नाव पडद्यावर आलं होतं; त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

काकी एवढंच म्हणाली, “पदर मी आसा घेत न्हाई.”

शेवटच्या भागात नायिका आहे, शहरातून परत आलेली, शिकलेली. तिच्यावर घर उलटतं. आणि ती उठते, आत जाते, चूल पेटवते, ताट वाढून घेते, सगळ्यांसमोर बसून जेवते आणि दार उघडून निघून जाते. तिथे पिपाणी नव्हती. संगीतच नव्हतं, नुसता भाकरी मोडल्याचा आवाज. त्या प्रसंगाचं सगळीकडे नाव झालं. अलीकडच्या काळात असा शेवट कुणी लिहिला नाही, असं लोकांनी लिहिलं. एका मुलाखतीत अमर म्हणाला, की मुंबईत पावसात अडकलो होतो, आणि अचानक तो सीन डोळ्यांपुढे आला.

म्हणजे वाटणी अशी झाली : हसू आईच्या वाट्याला आणि शेवट दुसऱ्या बाईला.

सीरिजपेक्षा ते वाक्य जास्त पसरलं. स्टिकर निघाले, रील निघाले, भेळेच्या गाड्यावर पाटी लागली. मेजरांनी अभिमानाने त्याची रिंगटोन करून घेतली. ते बाहेर खाटेवर, काकी आत भाकरी थापतेय, आणि फोन वाजला की ती नटी काकीच्या आवाजाची नक्कल करत ओरडायची. मनीषाने एकदा त्यांना सांगून पाहिलं. मेजर म्हणाले, पोरानं आईचं नाव केलं, ह्यात वाईट काय? ते भांडखोर माणूस नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

साताऱ्यातल्या एका मंडळाने अमरचा सत्कार ठेवला. सातारा माझं गाव म्हणून त्याने मलाही गाडीत घेतलं. सभागृह भरलेलं. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग निवेदकाने जाहीर केलं की खऱ्या फिल्मी काकू आज आपल्यात आहेत. टाळ्या, शिट्ट्या. काकीला हाताला धरून स्टेजवर नेलं, समोर माइक धरला आणि ते वाक्य म्हणायची विनंती केली.

काकीने अमरकडे पाहिलं. तो हसून मान हलवत होता, लहान मुलाला धीर देतात तशी. तिने पदर सारखा केला आणि ते वाक्य म्हणून टाकलं. पत्ता विचारणाऱ्याला वाट सांगावी तितक्या कोरडेपणाने. सभागृह हसण्याने दणाणलं. निवेदक म्हणाला, अजून एकदा, पण जरा जोरात. तिने अजून एकदा म्हटलं, जरा जोरात.

परतताना अमर गाडी चालवत होता, मेजर पुढे, मी आणि काकी मागे. कराड मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, “आमर, त्या शेवटाला ती पोरगी जेवतीय न्हवं... ते तुला कुटनं घावलं रं?”

“ते? सुचलं गं आई,” तो म्हणाला. “आतूनच आलं.”

त्याचा आवाज साफ होता. तो खोटं बोलत नव्हता. तो विसरला होता, आणि हे मला खोट्यापेक्षा वाईट वाटलं. शाळेच्या दारातला मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे होता. मी “अमर, अरे, त्या पुरात” एवढं म्हणालो, तोच काकीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि घट्ट दाबला. वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“लय चांगलं सुचलं,” ती त्याला म्हणाली.

त्यानंतर तिने कुणाला गोष्ट सांगितली नाही. बायका आग्रह करायच्या तर म्हणायची, टीव्हीवर हाय की, बघा. गच्चीवर यायची, पण मी एखाद्या नव्या सिनेमाबद्दल बोलायला लागलो की वाळवणाकडे लक्ष द्यायची. एकदा मी मुद्दाम डिवचलं, की काकी, कालचा सिनेमा पाहिला, शेवट अगदीच पडेल होता. तिने विचारलं नाही, कसा होता. “आसंल,” म्हणाली आणि पापड उलटत राहिली. नवीन ओळख झालेली माणसं मात्र घरी येत. मोबाइल पुढे धरून म्हणत, काकी, एकदाच. ती एकदाच म्हणायची. नाही म्हटलं तर पोराला कमीपणा येईल, असं मनीषाला म्हणाली होती.

मग मनीषाच्याच लक्षात आलं, की काकी बोलताना अडखळायला लागली आहे. आधी बँकेत, मग दुकानात, मग फोनवर सुनेशी, अमरच्या मुंबईच्या बायकोशी. शब्द तोंडाशी यायचा, ती थांबायची, गिळायची आणि दुसरा काढायची. आम्हाला वाटलं दातांचं काही असेल.

अमरला मुलगी झाली. सांभाळायला आई हवी म्हणून त्याने दोघांनाही मुंबईला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. मेजर सगळ्यांशी हात मिळवत होते. काकी पुढच्या सीटवर बसली होती, सून तिचा पट्टा लावून देत होती. कुणीतरी म्हणालं, काकी, जाता जाता एकदा होऊन जाऊ दे. आणि दोन-तीन मोबाइल वर आले. अमर हसला.

मनीषा खिडकीशी वाकली. तिला रडू आवरत नव्हतं. तिने विचारलं, की काकी, आम्हाला विसरणार नाही ना.

काकी क्षणभर थांबली. ओठ हलले. शाळेतल्या मुलीने पाठ केलेलं म्हणावं तसं, एकेक अक्षर जपून ठेवत ती म्हणाली, “नाही. मी तुम्हाला कधीच विसरणार नाही. तुम्ही दोघेही मुंबईला नक्की या.”

सुनेने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं आणि काच वर गेली.